नऊ दिवसांचा फरक

शेवटच्या पाळीच्या तारखेवरून मोजले तर पहिल्या सोनोग्राफीच्या दिवशी मला ६ आठवडे आणि ४ दिवस झाले होते. पडद्यावर जे दिसले ते मात्र जेमतेम सव्वापाच आठवड्यांचे होते. हा नऊ दिवसांचा फरक कुठून आला हे कळायला पुढे दोन आठवडे लागले, आणि त्या दोन आठवड्यांत गर्भारपणाच्या सुरुवातीच्या सोनोग्राफीबद्दल मी जेवढे शिकले तेवढे त्याआधी कधीच शिकले नव्हते. माहिती मिळाली खरी, पण तुकड्यातुकड्यांनी आणि बहुतेक वेळा मी विचारल्यावरच मिळाली, म्हणून ती लागोपाठ, जशी घडली तशी लिहून ठेवत आहे.

आधी आठवडे मोजण्याबद्दल लिहायला हवे, कारण सगळा घोळ तिथेच होता. गर्भारपणाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि तिथून २८० दिवसांनी ड्यू डेट धरतात. याचा अर्थ पहिले सुमारे दोन आठवडे पोटात गर्भ नसतोच, तरी ते हिशेबात धरलेले असतात. पाळी २८ दिवसांची असेल आणि बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटले असेल, असे यात गृहीत धरलेले असते. माझी पाळी चुकत नाही, पण ती लांब आहे. ३५ ते ३७ दिवसांनी येते. पाळी लांब असली की ते जास्तीचे दिवस बहुधा बीज सुटण्याच्या आधीच्या काळात जातात, नंतरचा काळ साधारण दोन आठवड्यांचाच राहतो. मला हे तेव्हा माहीत नव्हते. फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख विचारली होती, ती मी लिहिली; पाळी किती दिवसांनी येते हे त्या फॉर्मवर विचारलेले नव्हते आणि मीही आपण होऊन सांगितले नाही.

एवढ्या लवकर सोनोग्राफी करण्याचे कारण अंगावरून गेलेले तपकिरी डाग. पहिल्या तीन महिन्यांत थोडे डाग जाणे बऱ्याच जणींच्या वाट्याला येते आणि त्यांतल्या पुष्कळ जणींचे गर्भारपण पुढे नीट पार पडते, हे मी वाचलेले होते. पण अडीच वर्षांपूर्वी माझा एक गर्भ गेला होता, त्यामुळे वाचलेल्याचा उपयोग होण्याच्या पलीकडे मी गेले होते. त्या वेळी पहिलीच सोनोग्राफी नवव्या आठवड्यात झाली होती. गर्भ दिसत होता, ८ मिलिमीटर लांबीचा, अगदी स्पष्ट, पण त्यात ठोके नव्हते. डॉक्टरांनी आपल्या दुसऱ्या सहकारी डॉक्टरांना बोलावून त्यांच्याकडूनही पाहून घेतले होते, आणि दोघांनी मिळून मला सांगितले होते की आता वाट पाहण्यासारखे काही नाही. तेव्हा एका दिवसाच्या तपासणीवर एवढा ठाम निर्णय कसा देता येतो, असा प्रश्न मला पडला होता. तो मी विचारला नव्हता. त्याचे उत्तर मला या वेळी मिळाले.

पहिली सोनोग्राफी आतून, म्हणजे योनिमार्गातून केली. तिला सगळे टीव्हीएस म्हणतात. पोटावरून करायच्या सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागते. इथे उलट आधी लघवी करून यायला सांगतात. प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा दांडा, बारीक आणि लांबट असतो, त्यावर निरोध आणि जेल लावलेले असते, आणि आत जाताना दुखण्यापेक्षा अवघडल्यासारखे जास्त होते. डाग जात असताना आतून तपासल्याने गर्भाला धक्का बसेल का, अशी भीती मला होती. तसे काही होत नाही. प्रोब योनिमार्गात असतो आणि गर्भाशयाचे तोंड बंदच असते. आतून करण्याचे कारण सरळ आहे: ध्वनिलहरींची वारंवारता जितकी जास्त तितके बारीक दिसते, पण तितक्या त्या कमी खोलवर पोहोचतात. पोटावरच्या प्रोबला कातडी, चरबी आणि मूत्राशय ओलांडून पाहायचे असते, म्हणून तो कमी वारंवारतेवर चालतो. आतला प्रोब गर्भाशयाला जवळजवळ टेकलेला असतो, त्यामुळे तिथे जास्त वारंवारता परवडते. सहाव्या आठवड्यात जे पाहायचे असते ते दोन-तीन मिलिमीटरचे असल्यामुळे हा फरक मोठा आहे, आणि किती मोठा ते मला पुढच्या आठवड्यात कळायचे होते.

पडद्यावर गर्भाशय करड्या रंगाचे दिसले, त्याच्या मधोमध अस्तराचा पांढरट पट्टा, आणि त्या पट्ट्यात एका बाजूला सरकून बसलेला एक काळा ठिपका, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. पाणी ध्वनी परत फेकत नाही म्हणून ते काळे दिसते. तो ठिपका म्हणजे पाण्याने भरलेली गर्भाची पिशवी, डॉक्टरांच्या भाषेत सॅक. ती एका बाजूला असणे चांगले, असे डॉक्टर म्हणाल्या. गर्भ अस्तराच्या आत रुजतो, त्यामुळे खरी सॅक मधल्या पोकळीच्या रेषेला लागून, अस्तराच्या आत शिरलेली दिसते आणि तिच्याभोवती पांढरी किनार असते. पोकळीत नुसतेच पाणी किंवा रक्त साठले तर ते बरोबर मध्ये, लांबुळके दिसते आणि फसवू शकते. मग त्यांनी प्रोब दोन्ही बाजूंना वळवून अंडाशये आणि नळ्यांच्या बाजूचा भाग बराच वेळ पाहिला. उजव्या अंडाशयात जाड कडेची एक गाठ होती, ती दिसताच माझा जीव खाली-वर झाला. ती कॉर्पस ल्यूटियम निघाली, म्हणजे ज्या जागेतून बीज सुटले तीच जागा. वार तयार होऊन आपले काम हाती घेईपर्यंत गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन तिथूनच येते. गर्भ नळीत राहिलेला नाही हे पाहणे हा त्या दिवशीच्या तपासणीचा खरा हेतू होता, हे मला नंतर समजले. माझे सगळे लक्ष ठोक्यांकडे होते आणि डॉक्टरांचे लक्ष जागेकडे.

पडद्यावर अधिकच्या खुणेसारखी (+) दोन छोटी चिन्हे सरकत होती आणि त्यांच्यामध्ये ठिपक्यांची रेघ उमटत होती. सॅक तीन दिशांनी मोजतात आणि सरासरी काढतात. माझी मापे ९.१, ५.२ आणि ६.७ मिलिमीटर अशी आली, म्हणजे सरासरी बरोबर ७. सॅकच्या आत काहीच दिसत नव्हते. क्रम ठरलेला असतो, असे त्यांनी समजावले: साडेचार ते पाच आठवड्यांच्या दरम्यान सॅक दिसू लागते, साडेपाचच्या सुमारास तिच्यात योक सॅक नावाचे एक गोल कडे दिसते, सहाव्या आठवड्यात त्या कड्याला चिकटून गर्भाची बारीक रेघ दिसते आणि साधारण त्याच सुमारास तिच्यात ठोके दिसतात. एखादी पायरी गाळून पुढची येत नाही. माझ्या तारखेप्रमाणे सगळ्या पायऱ्या ओलांडून व्हायला हव्या होत्या, आणि मी पहिलीवरच होते.

‘एकतर तारीख पुढेमागे आहे, नाहीतर गर्भ वाढत नाही,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘आजच्या एका चित्रावरून यातले कोणते ते मला सांगता येणार नाही, आणि सांगितले तर ते खोटे ठरू शकेल. तुमची पाळी किती दिवसांनी येते?’

मी सांगितले. त्यांनी केसपेपरच्या कोपऱ्यात ३७ लिहिले, म्हणजे २८ पेक्षा नऊ जास्त, त्याभोवती गोल केला आणि म्हणाल्या की ही आशा धरायला जागा आहे, पण तेवढीच.

दोन दिवसांच्या अंतराने बीटा एचसीजीसाठी, म्हणजे गर्भारपणात वाढणाऱ्या संप्रेरकाच्या तपासणीसाठी, रक्त दिले. पहिल्यांदा सुमारे ३,४०० आणि नंतर ५,७०० असा आकडा आला. वाढ ठीक होती. परंतु हा आकडा गर्भाभोवतीच्या पेशी कामात आहेत एवढेच सांगतो. गर्भ तयार झाला का, त्याचे हृदय सुरू होईल का, हे तो सांगत नाही. त्यामुळे त्याने मला धीर आला तो संध्याकाळपर्यंतच.

पुढची सोनोग्राफी १४ दिवसांनी ठरली. मला तो आकडा क्रूर वाटला. इतके दिवस कशाला, चार दिवसांनी का नाही, असे मी विचारले तेव्हा डॉक्टरांनी दिलेले उत्तर मी जसेच्या तसे लक्षात ठेवले आहे. नुसती सॅक दिसली आणि तिच्यात योक सॅक नव्हती, तर त्यानंतर दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लोटूनही ठोके असलेला गर्भ दिसला नाही, तरच गर्भ वाढत नाही असे निश्चित म्हणता येते. योक सॅक दिसलेली असेल तर हीच मुदत ११ दिवसांची. त्याच्या आधी पाहिले आणि गर्भ दिसला तर उत्तमच. दिसला नाही तर मात्र आपण पुन्हा होतो तिथेच, फक्त आणखी घाबरलेले. मला ते पटले आणि सहन झाले नाही, दोन्ही एकाच वेळी.

सातव्या दिवशी मी मोडले. मोठ्या नणंदबाईंनी फोनवर सांगितले की नुसते बसून राहण्यापेक्षा दुसऱ्या ठिकाणी दाखवून या, निदान मनाला शांती मिळेल. त्यांचा हेतू चांगलाच होता. मी आणि माझा नवरा दुसऱ्या एका केंद्रात गेलो. पहिला रिपोर्ट मी मुद्दामच पर्समधून काढला नाही. तो पाहून यांचे मत बनू नये, कोरे मत मिळावे, असा माझा शहाणपणा होता. तिथे सोनोग्राफी पोटावरून झाली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पाळीची तारीख विचारली, मनाशी मोजले आणि प्रोब फिरवत म्हणाले, ‘साडेसात आठवडे होऊन गेलेत. १४ मिलिमीटरची सॅक आहे, पण आत गर्भ दिसत नाही. ही रिकामी आहे.’ रिपोर्टवर गर्भ न वाढल्याची शक्यता लिहिली होती. तोंडी मात्र त्यांनी शक्यता हा शब्द वापरला नाही. उगाच वाट पाहत बसू नका, क्युरेटिंग करून, म्हणजे गर्भाशय साफ करून घ्या, असे ते म्हणाले. सगळे मिळून सहा-सात मिनिटे लागली असतील. परत येताना आम्ही दोघेही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही रिपोर्ट घेऊन मी माझ्या डॉक्टरांकडे गेले. रागावतील असे वाटले होते. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, पेन घेतले आणि हिशेब मांडला. तो हिशेब इतका साधा होता की आपल्याला आधी कोणी का सांगितला नाही, असे मला अजूनही वाटते. सुरुवातीच्या दिवसांत सॅकच्या सरासरी मापात ३० मिळवले की गर्भारपणाचे दिवस साधारण निघतात. पहिल्या दिवशी ७ अधिक ३०, म्हणजे ३७ दिवस. माझ्या तारखेप्रमाणे होते ४६. फरक ९. काल १४ अधिक ३०, म्हणजे ४४ दिवस, तारखेप्रमाणे ५३. फरक पुन्हा ९.

‘काल त्यांनी जे पाहिले ते चूक नव्हते,’ त्या म्हणाल्या, ‘पण ते एकच चित्र होते. साडेसात आठवड्यांची समजून पाहिली तर ही सॅक रिकामी आहे. सव्वासहा आठवड्यांची समजून पाहिली तर तिच्यात दोन मिलिमीटरचा गर्भ असायला हवा, आणि दोन मिलिमीटर पोटावरून दिसला नाही तर त्यात नवल काही नाही. गर्भ थांबलेला असता तर हा फरक रोज वाढत गेला असता. तो नऊवरच आहे.’

हे ऐकून मी रडायला लागले तेव्हा त्यांनी लगेच दुसरी बाजूही सांगितली, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. सॅक वाढते आहे म्हणजे आत गर्भ आहेच असे नाही. रिकामी सॅकसुद्धा काही काळ वाढत राहते. म्हणून सातव्या दिवसाचे हे उत्तरही अपुरे आहे, ठरल्याप्रमाणे चौदाव्या दिवशीच बघायचे. मी म्हटले, आत्ता आतून पाहा ना. त्यांनी विचारले की आत्ता काही दिसले नाही तर मी वेगळे काय करणार आहे? मला तो हट्ट वाटला. आज वाटत नाही.

त्याच बैठकीत मी अडीच वर्षांपूर्वीचा तो प्रश्न विचारला. त्या वेळी एकाच दिवसात निर्णय कसा झाला? उत्तर आकड्यांतच होते. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल आणि ठोके नसतील, तर ते निश्चित मानतात. माझा गर्भ ८ मिलिमीटरचा होता. तसेच सॅकची सरासरी २५ मिलिमीटर किंवा जास्त असून आत गर्भ नसेल, तर तेही निश्चित मानतात. त्याखालच्या मापांना संशयास्पद म्हणायचे आणि थांबायचे. पूर्वी या सीमा सैल होत्या. ठोक्यांसाठी ५ मिलिमीटर आणि रिकाम्या सॅकसाठी १६ किंवा २० मिलिमीटर अशी मापे पुरेशी समजत. मोजणाऱ्याच्या हातात मिलिमीटरभर इकडेतिकडे होतेच, आणि त्या सीमांवर क्वचित का होईना पण जिवंत गर्भालाही गेलेला ठरवले जाऊ शकते, हे लक्षात आल्यावर तज्ज्ञांच्या एका गटाने २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नव्या, अधिक कडक सीमा मांडल्या, आणि पुढे त्या बऱ्याच ठिकाणी स्वीकारल्या गेल्या. माझी १४ मिलिमीटरची सॅक जुन्या सीमेतही बसत नव्हती. तरी क्युरेटिंगचा सल्ला मला मिळालाच, तो तारखेवर विसंबून. मी त्याच आठवड्यात तो मानला असता तर काय झाले असते, याचा विचार मी शक्यतो करत नाही.

चौदावा दिवस उजाडला तेव्हा मला ८ आठवडे ४ दिवस झाले होते, किंवा ७ आठवडे २ दिवस. कोणते खरे तेच पाहायचे होते. पुन्हा आतून सोनोग्राफी. मी पडद्याकडे न पाहण्याचे ठरवले होते आणि पहिल्या क्षणापासून पाहत राहिले. सॅक आता काळ्या ठिपक्यासारखी राहिलेली नव्हती. चांगली ऐसपैस पोकळी झाली होती. तिच्या एका कडेला पांढऱ्या रेघेचे, आतून पोकळ, नीटस गोल कडे होते. हीच योक सॅक. वार तयार होईपर्यंत गर्भाच्या पोषणाची आणि त्याच्या पहिल्या रक्तपेशींची सोय तिथे होते. त्या कड्याच्या शेजारी तांदळाच्या दाण्याएवढा एक पांढुरका आकार होता, एक टोक थोडे जाड, आणि त्याच्या मधोमध काहीतरी लुकलुकत होते. ठोके ‘ऐकू येतात’ असे आपण म्हणतो, पण पहिल्यांदा ते दिसतात. करड्या कणांची उघडझाप, अतिशय जलद. माझ्या स्वतःच्या श्वासाशी किंवा नाडीशी तिचा काही संबंध नव्हता. डॉक्टरांनी काही म्हणण्याच्या आधीच मला समजले होते.

लांबी ९ मिलिमीटर निघाली. डोक्याच्या वरच्या टोकापासून बुडापर्यंतच्या या मापाला सीआरएल म्हणतात, आणि या टप्प्यावर त्याचाही तसाच सोपा हिशेब आहे: मिलिमीटरमध्ये ४२ मिळवायचे. ९ अधिक ४२, म्हणजे ५१ दिवस. तारखेप्रमाणे ६०. फरक तिसऱ्यांदा ९. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या की तुमचे बाळ नऊ दिवस उशिरा निघाले आहे, वाटेत कुठे थांबलेले नाही.

ठोके मोजण्यासाठी त्यांनी पडदा दोन भागांत विभागला. वर गर्भाचे चित्र आणि त्यावर एक उभी रेघ, खाली त्या रेघेवर जे हलते आहे त्याचा आलेख, करवतीच्या दात्यांसारखा. दोन दात्यांमधले अंतर मोजले की यंत्र आकडा सांगते; १३२ आला. सहाव्या आठवड्यात ठोके मिनिटाला १०० ते ११५ च्या आसपास असतात, नवव्यापर्यंत ते १७० च्या घरात जातात आणि नंतर हळूहळू थोडे उतरतात, त्यामुळे सव्वासात आठवड्यांना हा आकडा व्यवस्थित होता. मी आवाज ऐकवण्याची विनंती केली. त्यांनी नाही म्हटले. आवाज ऐकवायला डॉपलर लावावा लागतो आणि त्यात एकाच जागी जास्त ऊर्जा सोडली जाते, तर साध्या चित्रात आणि या आलेखात ती बरीच कमी असते. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात आणि तिने गर्भाला अपाय झाल्याचे दिसलेले नाही. तरी इतक्या कोवळ्या गर्भावर गरज नसताना डॉपलर लावायचा नाही, असा रिवाज आहे. आवाज न ऐकता मी परत आले आणि मला त्याचे काही वाटले नाही.

त्या दिवशी आणखी दोन गोष्टी दिसल्या. सॅकच्या खालच्या कडेला चंद्रकोरीसारखी एक काळसर पट्टी होती. अस्तर आणि सॅकचे आवरण यांच्यामध्ये साठलेले थोडे रक्त. डागांचे कारण तेच असावे. ती लहान होती आणि बाराव्या आठवड्यापर्यंत जिरली. दुसरी गोष्ट मीच शोधली: गर्भाच्या जाड टोकात, म्हणजे डोक्यात, एक बारीक काळा बुडबुडा. डोक्यात पाणी झाले आहे का, असे मी विचारले. तो मागच्या मेंदूच्या जागी तयार होणारा पोकळ भाग होता आणि सात ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान तो दिसायलाच हवा. जे पुढे दिसले तर काळजीचे ठरेल, ते आधी दिसणे योग्य असते, अशी बरीच उदाहरणे या काळात असतात. बाळाच्या आतड्यांचा काही भाग तर आठव्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पोटाबाहेर, नाळेच्या मुळाशी वाढतो आणि मग आत जातो. आठवडा चुकीचा धरला तर निरोगी गर्भात आजार दिसेल आणि आजारी गर्भ निरोगी वाटेल.

ड्यू डेट नऊ दिवसांनी पुढे गेली. या सुमारास तारीख आणि माप यांत पाच दिवसांपेक्षा जास्त फरक असेल, आणि नऊ आठवड्यांनंतर सातपेक्षा जास्त असेल, तर मापाप्रमाणे तारीख बदलतात. फरक त्याच्या आत असेल तर पाळीची तारीखच ठेवतात. सीआरएलवरून दिवस काढण्याची ही पद्धत ह्यू रॉबिन्सन यांनी ग्लासगोत १९७३ मध्ये मांडली. इयान डोनाल्ड यांनी प्रसूतिशास्त्रात सोनोग्राफी आणली तीही ग्लासगोतच, १९५८ मध्ये. सुरुवातीच्या तीन महिन्यांत सगळे गर्भ जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात, आईबापांची चण आणि बाळाची तब्येत यांचा फरक नंतर पडू लागतो, म्हणूनच वय ठरवायला ही सुरुवातीची लांबी सर्वांत भरवशाची. एकदा ती तारीख ठरली की पुढच्या महिन्यांत बाळ लहान दिसले म्हणून तारीख पुढे ढकलायची नसते, कारण मग बाळ खरोखर कमी वाढत असेल तर ते लपून जाईल. माझ्या केसपेपरवर जुनी तारीख एका रेघेने खोडली, शेजारी नवी लिहिली आणि खाली सही केली. ठोके दिसल्यावर गर्भ जाण्याचा धोका बराच कमी होतो, पण तो संपत नाही, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले.

बाळाच्या मानेमागचे पाणी मोजण्याचा एनटी स्कॅन नव्या तारखेप्रमाणे १२ आठवडे ३ दिवसांना झाला, या वेळी पोटावरून. जुनी तारीख धरली असती तर मी त्यासाठी नऊ दिवस आधी गेले असते आणि बाळ मापात बसले नसते, अशी शक्यता होती. या तपासणीसाठी लांबी ४५ ते ८४ मिलिमीटरच्या दरम्यान लागते. माझ्या बाळाची ५९ होती. तांदळाच्या दाण्याचे जे झाले होते ते पाहून नवरा खुर्चीतून उठून उभा राहिला. कपाळ, नाक, हनुवटी अशी बाजूने रेखीव चेहरेपट्टी, आडवे घेतल्यावर कवटीच्या आत मेंदूच्या दोन अर्धांत फुलपाखराच्या पंखांसारखे दोन पांढरे आकार, जठराचा काळा ठिपका, मूत्राशयाचा त्याहून लहान ठिपका, आणि हात एकदा तोंडाशी नेऊन परत खाली. मानेमागच्या कातडीखालचे पाणी, ज्याला एनटी म्हणतात, ते १.४ मिलिमीटर होते. हे माप घेताना बाळ बरोबर बाजूने दिसणारे, मान ना ताठ ना वाकलेली अशा स्थितीत हवे असते, आणि माझे बाळ पाठ करून बसले होते. मला खोकायला सांगितले, कुशीवर वळायला सांगितले, दहा मिनिटे फेऱ्या मारायला पाठवले. रक्ताची डबल मार्कर चाचणी आणि हे माप एकत्र धरून जो आकडा येतो तो गुणसूत्रांच्या दोषाचा धोका किती हे सांगतो, बाळाला दोष आहे की नाही हे सांगत नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी दोनदा बजावले. दोन महिन्यांपूर्वी मला तो फरक शब्दांचा खेळ वाटला असता.

छापील चित्रे सोनोग्राफीच्या गुळगुळीत कागदावर येतात आणि उन्हाने किंवा नुसत्या काळाने पुसट होतात. म्हणून तिन्ही तपासण्यांच्या छायाप्रती काढून मी फाइलमध्ये लावल्या आहेत, दुसऱ्या केंद्रातल्या रिपोर्टसह. एनटीचा रिपोर्ट लावताना मी तो शेवटपर्यंत वाचला. लांबी, एनटी, नाकाचे हाड, ठोके १५८, वारेची जागा, गर्भाशयाच्या तोंडाची लांबी, सगळे होते. सॅकचे माप कुठेच नव्हते. गर्भ मोजता येऊ लागला की सॅक कोणी मोजत नाही.